बास गिटारच्या तारा बदलल्या आणि पहिल्या पाच फ्रेटवर खरखर सुरू झाली. ट्रस रॉड फिरवू का?

तापीकाठ (भुसावळ), सोमवार रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. भुसावळला असतो, रेल्वेत नाही (गावाचं नाव सांगितलं की पहिला प्रश्न तोच येतो, म्हणून आधीच सांगून टाकलं).

माझ्याकडं चार तारांचा बास आहे. फेंडरच्या जॅझ बासची नक्कल, तारेची लांबी ३४ इंच. एक ऑर्केस्ट्रा बंद पडला तेव्हा त्यांच्याकडून जुना घेतलेला. तारा त्याच्यासोबत आल्या होत्या त्याच, काळ्या पडलेल्या. हात फिरवला की बोटं मेकॅनिकसारखी व्हायची. परवा कुरियरनं नव्या आल्या, ४०-९५ चा सेट. हलक्या असतात, बोटांना सोप्या जातात असं वाचलं होतं म्हणून त्या घेतल्या.

रविवारी दुपारी बसून चारही तारा काढल्या, नव्या घातल्या. आवाज एकदम चकचकीत झाला, पण ई आणि ए या दोन जाड तारांवर पहिल्यापासून पाचव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या पट्ट्या) काहीही दाबलं की खरखर येते. वर सातव्या-आठव्यापासून पुढे बरं वाजतं. जुन्या तारांना हे अजिबात नव्हतं.

एका व्हिडिओत सांगितलं की खरखर आली की ट्रस रॉड घट्ट करायचा. हार्डवेअरच्या दुकानातून अ‍ॅलन कीचा सेट आणला आहे. आत्ता चावी हातातच आहे. पुढच्या बुधवारी यावलला हळदीचा कार्यक्रम आहे. फिरवू का?

चिमणी४५ (जळगाव), ११:२६

चावी आधी खाली ठेव भो. मग बोलू.

पुण्यातला_खान्देशी, ११:४१

एखाद्या कारागिराकडं का नेत नाहीस?

तापीकाठ, ११:४४

कुठं नेऊ दादा? आमच्याकडं पेटी दुरुस्त करणारा मिळतो, तबला मढवणारा मिळतो. बासची मान बघायची तर पुणं, मुंबई नाहीतर इंदूर गाठावं लागतं. सीझनमध्ये तेवढा वेळ कुणाला?

जुना_बासवाला (धुळे), मंगळवार सकाळी ७:०५

चिमणीनं बरोबर सांगितलं. चावी ठेव.

तू रॉड घट्ट केलास तर खरखर वाढणार आहे. का ते सांगतो, पण त्याआधी एक काम कर. जुन्या तारा फेकल्या नसशील तर त्यांची जाडी मोज. व्हर्नियर कुठल्याही लेथवाल्याकडं मिळेल. ई आणि जी या दोनच मोज, बाकीचं मी सांगतो.

आणि नव्या तारा घालताना चारही एकदम का काढल्यास?

तापीकाठ, ७:५०

काका, फ्रेटबोर्ड पुसायचा होता म्हणून. लई घाण बसली होती.

जुन्या तारा आहेत, आईनं गुंडाळून माळ्यावर टाकल्या. संध्याकाळी मोजतो.

जुना_बासवाला, ८:१०

पुसायला काढल्यास तर ठीक. चारही एकदम काढल्यानं मान मोडत नाही, तेवढं घाबरू नये. पण चार तारा मिळून मानेवर पाऊणशे किलोच्या आसपास ओढ असते. ती एका क्षणात काढून घेतली की लाकूड हलतं, आणि नव्या चढवल्यावर बसायला वेळ घेतं. म्हणून साध्या बदलाला मी एकेक करून बदलतो.

पाना_बारा_तेरा (पाचोरा), ९:३०

मी वाजवत नाही, धाकटा भाऊ वाजवतो. गॅरेज आहे. ही ट्रस रॉड काय भानगड आहे ते मला कुणी सांगेल का? भाऊ सारखा म्हणतो, फिरवून दे, फिरवून दे.

जुना_बासवाला, दुपारी १:१५

तुम्हाला तर लगेच कळेल. मानेच्या आत लांबीला एक लोखंडी सळई असते. तिच्या एका टोकाला नट. तारा मानेला पुढं ओढतात, म्हणजे धनुष्यासारखी वाकवायला बघतात. सळई घट्ट केली की ती मानेला मागं ओढते. दोघांची रस्सीखेच. आपल्याला ती बरोबरीत सोडवायची नसते, तारांना किंचित जिंकू द्यायचं असतं. म्हणजे मान अगदी सरळ नको, मधोमध अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असा खोलगटपणा हवा. त्याला रिलीफ म्हणतात.

तो का लागतो? बासची ई तार सेकंदाला ४१ वेळा हलते, आणि हलताना चांगली फुगते. दोन्ही टोकांना स्थिर, मध्ये सर्वात रुंद. मान फूटपट्टीसारखी सरळ असली की फुगलेली तार पुढच्या फ्रेटना घासते. पहिल्या काही फ्रेटवर दाबलं की जास्तच घासते, कारण हलणारी तार लांब असते.

आता तापीकाठचं दुखणं. मला वाटतं त्याच्या जुन्या तारा जाड होत्या. मूळ मालकानं त्या ओढीला जुळेल एवढा रॉड घट्ट केला असणार. यानं हलक्या तारा घातल्या, ओढ कमी झाली, सळई जिंकली, मान मागं गेली. म्हणून खालच्या फ्रेटवर खरखर. आता रॉड आणखी घट्ट करणं म्हणजे जिंकलेल्याच्याच बाजूनं आणखी चार माणसं लावणं. यानं तो सैल करायला हवा. व्हिडिओवाल्याची मान बहुधा उलट्या बाजूला वाकलेली असेल, त्याच्यासाठी तो बरोबरच सांगत होता.

चिमणी४५, १:२०

काका जिंकले.

स्वराली_तानपुरा (चाळीसगाव), १:५२

मला या धाग्यात एक गंमत वाटली. तानपुऱ्यात घोडीवर तार घासून झणझणावी म्हणून आम्ही जीव टाकतो, जवारी काढून घ्यायला लांबवर जातो, दोरा सरकवत बसतो. आणि तुम्ही तीच घासाघीस घालवायला बसलात :)

जुना_बासवाला, २:३०

ताई, फरक एवढाच की तुमची जवारी सुरात झणझणते. याची पत्रा वाजल्यासारखी वाजते.

तापीकाठ, रात्री ९:१५

मोजल्या. लेथवाल्यानं व्हर्नियर दिला, पण "काय मोजतोय रे, बैलाची वेसण का?" हेही ऐकवलं.

जुनी ई: २.६५ मिमी. जुनी जी: १.२५ मिमी.
नवी ई: २.४ मिमी. नवी जी: १ मिमी.

जुना_बासवाला, ९:४०

झालं तर. तारांच्या पाकिटावरचे आकडे इंचाचे हजारावे भाग असतात. २.६५ मिमी म्हणजे १०५, आणि १.२५ म्हणजे ५०. तुझा जुना सेट ५०-१०५ होता. तू थेट ४०-९५ वर आलास. सर्वसाधारणपणे लोक ४५-१०० किंवा ४५-१०५ वापरतात. तू त्याच्या वरून उडी मारून पलीकडं गेलास.

नवापूरकर, १०:०५

मग सरळ ५०-१०५ मागवून परत घालायचा ना! सेटअपची भानगडच नको. आमच्या चर्चमध्ये गेली कित्येक वर्षं एकाच जाडीच्या तारा येतात. बदलल्या, सुरात लावल्या, रविवारी वाजवल्या. रॉडला कुणी हात लावलेला नाही.

जुना_बासवाला, १०:२०

हे शंभर टक्के खरं आहे, आणि ज्याला चावीची भीती वाटते त्यानं हेच करावं. एकदा जमलेली जाडी सोडू नये. पण याच्याकडं आठ दिवस आहेत, तारा आल्या आहेत, पैसे गेले आहेत. आणि हा बास याला पुढं वाजवायचाच असेल तर कधीतरी हे शिकावं लागणार.

बॅकलाईन_बापू (शिरपूर), १०:४८

नुसतं ब्रिजवर (खोडावर तारा अडकवतात तो भाग) सॅडल (तिथं तार टेकते ती छोटी घोडी) वर करा, दोन मिनिटांत खरखर जाते. मंडपात आम्ही तेच करतो.

जुना_बासवाला, ११:१०

जाते बापू, पण मान मागं वाकलेली असताना पहिल्या फ्रेटवरची खरखर सॅडल उचलून घालवायची तर बाराव्याच्या पुढं तार इतकी उंच जाते की दाबताना बोटाला घट्टे पडतात. मंडपात ठीक, घरी नको. आणि एक लक्षात ठेवा, कुठं खरखरतं त्यावरून दुखणं ओळखता येतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असली तर मान. बाराव्याच्या पुढंच असली तर बहुधा सॅडल खाली बसलेलं. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबली की गप्प होते, मग नटमधली खाच खोल गेली आहे (हा सळईचा नट नाही, डोक्याकडं तारा जिच्या खाचांत टेकतात ती पट्टी). एकाच ठिकाणी येते आणि आजूबाजूला नाही, तर एखादी फ्रेट वर उचलली गेली आहे. ते शेवटचं घरी करायचं काम नाही.

आता कामाला लागू. तापीकाठ, फिलर गेज आहे का?

तापीकाठ, ११:१५

ते काय असतं?

पाना_बारा_तेरा, ११:१८

आता माझी वेळ आली! फटफटीचं टॅपेट सेट करायला वापरतो ते. पातळ पत्र्यांची चवड असते, प्रत्येकावर जाडी कोरलेली. ०.०५ पासून १ मिमीपर्यंत. कुठल्याही गॅरेजात असतं. मागून घ्या, पण परत द्या. आमची दोन अशीच गेली.

जुना_बासवाला, बुधवार सकाळी ६:५५

गॅरेजचं गेज ऑइलनं माखलेलं असतं, आधी पुसून घे.

तार आधी नेहमीच्या सुरात लाव. मोबाईलवरचं ट्यूनर अ‍ॅप खालच्या ई ला अडखळतं, छोट्या माईकला इतका खर्ज नीट पोचत नाही. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) वाजव, मग ते लगेच ओळखतं. सुरात नसेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं.

मग पहिल्या फ्रेटला कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लाव, नसेल तर घरातल्या कुणाला दाबून धरायला सांग. दुसऱ्या हातानं ई तार जिथं मान खोडाला मिळते तिथल्या फ्रेटवर दाब. तार आता तुझी फूटपट्टी झाली. मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेटचा माथा यांच्यात किती फट आहे ते गेजनं बघ. पत्रा आत जाताना तार उचलली जाता कामा नये, नुसता घासून गेला पाहिजे. साधारण ०.३ मिमी हवं.

किती येतंय ते सांग. चावीला अजून हात नाही.

तापीकाठ, रात्री ८:३०

०.०५ चा पत्राही जात नाही. तार आठव्या फ्रेटवर टेकलेलीच आहे.

जुना_बासवाला, ८:५०

मग शंकाच नको. आता चावी घे.

नट कुठं आहे? डोक्याच्या बाजूला असेल तर नशीब. जुन्या पद्धतीच्या काही बासना तो खोडाच्या बाजूला असतो, मान सैल करूनच हात पोचतो.

चावी नीट बसते का ते आधी बघ. एशियात बनलेल्या बहुतेक गिटारींना एमएमची चावी लागते, अमेरिकन असेल तर इंचाची. जवळपास बसते म्हणून चालवून घेऊ नको. नटाचे कोपरे एकदा गोल झाले की त्या मानेचा कार्यक्रम आटोपला.

नटाकडं तोंड करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं घट्ट, उलट सैल. तुला उलट फिरवायचं आहे. एका फेऱ्याचा आठवा भाग. पाव नाही, आठवा. मग तार परत सुरात लाव, परत मोज. दोन वेळा करून थांब आणि झोप. लाकूड सावकाश हलतं.

सैल करताना चावी अगदीच मोकळी फिरायला लागली, म्हणजे सळई आता काहीच ओढत नाहीये, आणि तरी फट येत नसेल, तर पुढं फिरवू नको. मग जाड तारांशिवाय इलाज नाही.

स्वराली_तानपुरा, ८:५५

एखाद्याचं ऑपरेशन फोनवर सांगावं तसं चाललंय. वाचतेय.

तापीकाठ, गुरुवार सकाळी ७:२०

रात्री एक आठवा भाग फिरवला. सुरुवातीला अडकलं होतं, मग 'टक्' झालं. माझ्या पोटात गोळा आला. पण तुटलं काही नाही. ०.१ आलं. आणखी एक आठवा, ०.२ झालं. झोपलो. सकाळी उठून मोजलं तर ०.३. रात्रीतून आपोआप!

खरखर जवळजवळ गेली. ए वर थोडी आहे.

जुना_बासवाला, ७:४०

तो 'टक्' सगळ्यांनाच ऐकू येतो. नट बरीच वर्षं हलवलेला नसतो म्हणून चिकटून बसतो.

आता मानेला हात लावू नको. ए चं काय ते सांग, ती खुंटीवर कशी गुंडाळली आहेस? फोटो टाक.

तापीकाठ, ७:५५

(फोटो टाकला आहे)

जुना_बासवाला, ८:२०

वाटलंच होतं.

ई ला पाच-सहा वेढे, एकावर एक चढलेले, दोरीच्या भेंडोळ्यासारखे. आणि ए ला जेमतेम एक वेढा, तोही खुंटीच्या वरच्या बाजूला. डी आणि जी ला डोक्यावर ती छोटी चिमटी असते, ती तारा खाली दाबून धरते. ए ला चिमटी नाही. तिला नटवर दाबून धरणारी गोष्ट एकच, खुंटीवरचे वेढे खाली उतरत गेले पाहिजेत. वरच राहिले तर तार नटवर सैल बसते आणि तिथंच झणझणते. ती तुझी उरलेली खरखर.

तारा घालायची माझी रीत अशी. तार ब्रिजमधून ओढून घ्यायची, शेवटची गुंडी ब्रिजला टेकली ना हे बघायचं. खुंटीपर्यंत ताणून धरायची, खुंटीच्या पुढं चार बोटं आणि वर एक बोट एवढी सोडायची, दहा-बारा सेंटिमीटर. आता कापायची नाही! आधी पकडीनं काटकोनात वाकवायची, मग वाकलेल्या जागेच्या पुढं कापायची. न वाकवता कापली तर आतल्या गाभ्यावरची गुंडाळी सुटू शकते, आणि सुटलेली तार नवी असून मेल्यासारखी वाजते. बासच्या तारा महाग. पहिल्यांदा माझी एक अशीच गेली होती, तेव्हापासून पकड आधी आणि कटर नंतर.

मग टोक खुंटीच्या मधल्या भोकात पूर्ण खाली खुपसायचं, वाकलेला भाग खाचेत बसवायचा, आणि एका हातानं तार ताणून धरत दुसऱ्या हातानं खुंटी फिरवायची. वेढे वरून खाली, एकाला एक चिकटून. दोन-तीन पुरे. फिरवताना तार स्वतःभोवती पिळली जाता कामा नये. पिळलेली तार सुरात लागते पण गुंजत नाही.

सुरात लागल्यावर नटच्या पुढं आणि सॅडलच्या पुढं अंगठ्यानं तार हलकी दाबायची. जाड तार तिथं कमानीसारखी वर उचललेली राहते, तिला कोपरा द्यावा लागतो. एवढ्यानंच कितीतरी वेळा आवाज उघडतो.

बॅकलाईन_बापू, ८:४५

तार कापायची भानगडच नको म्हणून मी पूर्ण गुंडाळतो. आता कळलं माझा ए का झणझणतो. बारा वर्षं मी अ‍ॅम्पला दोष देत होतो.

चिमणी४५, ९:००

अ‍ॅम्पची माफी मागा बापू.

नवापूरकर, ९:३०

तारा उकळून परत वापरतात म्हणे. खरं का?

जुना_बासवाला, १०:१५

खरं आहे, गरिबीत सगळ्यांनी केलं आहे. गुंडाळीत अडकलेला घाम आणि मळ निघतो, आवाज काही दिवस उजळतो. पण पाणी आत राहतं आणि गंज धरतो. त्यापेक्षा मोबाईल दुरुस्तीवाले बोर्ड पुसायला जे आयसोप्रोपिल वापरतात ते आणा, पाइपाच्या तुकड्यात भरून तारा रात्रभर बुडवून ठेवा. ते उडून जातं, गंज नाही. मात्र चुलीपासून लांब, भडकतं.

आणि सगळ्यांनाच नवी चकचकीत तार हवी असते असंही नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बासवादक जेम्स जेमर्सन चपट्या गुंडाळीच्या जाड तारा वापरायचा आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही असं सांगतात. जुनी हिंदी गाणी वाजवायची असतील तर थोडी मेलेली तारच शोभते. हळदीत ढोलाच्या ठेक्यासोबत वाजवायचं तर मात्र नवी हवी, नाहीतर गर्दीत बास हरवतो.

तापीकाठ, रात्री ९:५०

काका, ए परत गुंडाळली. अडीच वेढे, खाली उतरते. ए गप्प!

पण नवीन दुखणं. आज दुपारी बास खोलीत भिंतीला टांगला होता. संध्याकाळी बघतो तर चारही तारा उतरलेल्या आणि फट ०.३ ची ०.४ च्या वर. मी काही हात लावलेला नाही, आईची शपथ.

जुना_बासवाला, १०:०५

खोलीत कूलर आहे का?

तापीकाठ, १०:०७

आहे. समोरच्या खिडकीत. भुसावळला एप्रिलमध्ये कूलर नसेल तर माणूस जगेल का?

जुना_बासवाला, १०:३०

बाहेरच्या लोकांना वाटतं खान्देशचा उन्हाळा कोरडा, म्हणजे तारांना गंज नाही, लाकडाला त्रास नाही. अर्धं खरं आहे. बाहेर ४४-४५ अंश आणि हवा इतकी कोरडी की फ्रेटबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येतात, हात फिरवताना कानसीसारखी लागतात. आणि घरात? वाळ्याच्या ताट्यांमधून पाणी गाळून येणारी ओली हवा थेट भिंतीवर. बास त्या झोतात टांगलेला. दुपारी कूलर चालू, रात्री लाईट गेली की बंद. म्हणजे एका दिवसात लाकूड पावसाळाही बघतं आणि वैशाखही. मानेचं लाकूड एक, फ्रेटबोर्डचं दुसरं, दोघं सारखे फुगत-आकसत नाहीत. मग मान हलणार नाही तर काय होणार?

माझ्या हातून गेलेल्या बासांपैकी निम्म्यांचं दुखणं चावीचं नव्हतं, जागेचं होतं. बास कूलरच्या झोतातून काढ. आतल्या भिंतीला, शक्यतो केसमध्ये ठेव. दोन दिवस रॉडला हात लावू नको. परत ०.३ वर येईल बघ.

आणि कार्यक्रमाला जाताना दुपारी बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नको. आमच्या एकाचा चिकटवलेला नट त्या उकाड्यात सुटून आला होता.

पुण्यातला_खान्देशी, १०:४५

फ्रेटबोर्ड कोरडा पडला तर लेमन ऑइल लावतात ना?

जुना_बासवाला, १०:५०

रोझवूड असेल तर लावतात, वर्षातून एकदोनदा, थेंब-दोन थेंब आणि लगेच पुसायचं. चकचकीत पॉलिश केलेल्या मेपलला नाही. आणि ते बाटलीतलं तेल असतं, लिंबू पिळायचं नसतं. हे ठळक करतोय कारण एकानं खरोखर पिळलं होतं.

चिमणी४५, १०:५२

मीठ पण लावलं होतं का?

तापीकाठ, शनिवार रात्री ८:४०

शुक्रवारी बास आजीच्या खोलीत हलवला, तिथं फक्त पंखा. आज ०.३ आहे. काका, पाया पडतो.

मग तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणे पुढचं केलं. इथं लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्याला उपयोगी पडेल. सतराव्या फ्रेटवर स्टीलच्या पट्टीनं तारेची उंची मोजली. ई खाली २.४ मिमी आणि जी खाली २ मिमी ठेवली. सॅडलच्या दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू आहेत, दीड एमएमची चावी लागली. ई चा एक स्क्रू गंजून बसला होता. टाचणीच्या टोकानं डब्ल्यूडी-४० चा थेंब सोडला, अर्ध्या तासानं सुटला.

मग इंटोनेशन. इथं माझे तीन तास गेले. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवायचा, मग तिथंच दाबून वाजवायचं, दोन्ही सारखे आले पाहिजेत. माझी ई दाबल्यावर चढी येत होती. म्हणजे सॅडल मागं घ्यायचं. मागं घेत घेत गेलो तर सॅडल मागच्या भिंतीला टेकलं आणि तरी चढीच! स्प्रिंग पूर्ण दबलेली. आता काय?

जुना_बासवाला, ९:००

स्प्रिंग काढ, कटरनं अर्धी कर, परत घाल.

चढी येते तर मागं, उतरी येते तर पुढं. तार दाबताना आपण ती थोडी ताणतो, म्हणून सूर चढतो. जाड तार जास्त ताठ, म्हणून तिला जास्त लांबी लागते. ३४ इंची बासवर नटपासून बारावी फ्रेट ४३२ मिमी असते, पण तिथून सॅडल मात्र नेहमी त्याहून थोडं लांब, म्हणजे मागं, आणि ई चं सगळ्यात मागं. चारही सॅडल एका रेषेत दिसले की समजायचं, कुणी इंटोनेशन केलेलंच नाही. आणि सॅडल हलवायच्या आधी तार सैल कर, नाहीतर स्क्रूचे दात जातात.

जुन्या तारांवर मात्र हे कधी करत बसू नको. मळ सगळीकडं सारखा बसलेला नसतो, तार स्वतःच बेसूर असते.

तापीकाठ, १०:२५

स्प्रिंग अर्धी केली. जमलं! ई बाराव्यावर सुईच्या टोकावर येते.

बॅकलाईन_बापू, १०:४०

एक अवांतर पण महत्त्वाचं. मंडपात बास लावायच्या आधी अर्थिंग बघा. बासच्या तारा ब्रिजमार्फत अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. जनरेटरवर अर्थ नसेल आणि माईक दुसऱ्या लाइनवर असेल, तर गाताना ओठ माईकला लागला की दणका बसतो. माझ्या समोर एका गायकाला बसला आहे, तो माईक फेकून मागं पडला. टेस्टर खिशात ठेवा आणि माईकला स्पंजची टोपी घाला.

पाना_बारा_तेरा, १०:५५

हे एकदम बरोबर. वायरमनला आधी विचारा, मग तार लावा.

तापीकाठ, पुढचा गुरुवार, सकाळी ११:३०

यावलची हळद झाली. रात्री एकपर्यंत वाजवलं. पहिल्या गाण्याला बास मंडपात नेल्यावर सूर थोडे उतरले, परत लावले, मग शेवटपर्यंत हलले नाहीत. पॅडवाल्यानं विचारलं, नवीन बास घेतला का रे?

चौदाव्या फ्रेटवर डी ला अजून किंचित किरकिर आहे, पण ती प्लग न लावता कान लावून ऐकलं तरच. अ‍ॅम्पमधून येत नाही.

जुना_बासवाला, ११:५०

अ‍ॅम्पमधून येत नाही ती किरकिर नाही. सोडून दे.

नवापूरकर, दुपारी १२:१०

जुन्या तारांचं काय केलंस?

तापीकाठ, १२:१५

आईनं ई घेतली. परसात दोडक्याचा वेल चढवायला बांधली. म्हणे वर्षानुवर्षं टिकेल.

पाना_बारा_तेरा, १२:२०

फिलर गेज परत दिलंस का?

तापीकाठ, १२:४०

...आज संध्याकाळी देतो.